जहाल: एका विशेषणाची वाटचाल



शाळेच्या इतिहासात आपण दोन रकाने आखतो. मवाळांच्या रकान्यात गोखले, जहालांच्या रकान्यात टिळक. परीक्षेपुरते ठीक आहे. पण गडचिरोलीची बातमी वाचा: ‘जहाल नक्षलवादी शरण’. लोकमान्यांना लावलेले विशेषण आपण इथे जसेच्या तसे वापरतो आणि कोणाला काही खटकत नाही.

विष जहाल असते, औषध जहाल असते, मिरची तर असतेच. तोंड ज्याचे पोळते तो हा शब्द उच्चारतो. मिरचीची काही तक्रार नसते. माणूस स्वतःला करारी म्हणवून घेईल, बाणेदार म्हटले तर मनातून सुखावेल, पण ‘मी जहाल’ अशी ओळख सहसा कोणी करून देत नाही. टिळकांचे अनुयायी स्वतःला राष्ट्रीय पक्षाचे म्हणवत.

हे विशेषण लावणारा ठरवतो, हे टिळकांना नेमके ठाऊक होते. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगितले की ही दोन्ही नावे काळावर अवलंबून आहेत. आज ज्यांना जहाल म्हणता ते उद्या मवाळ ठरतील. दाखला दिला तो थेट दादाभाईंचा. त्यांनाही एके काळी हेच नाव ठेवले गेले होते.

त्याच वर्षाअखेर सुरतेला काँग्रेस फुटली. मंडपात भिरकावलेला दख्खनी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. मवाळ म्हणून जोडा खाणारे हे सुरेंद्रनाथ १८८३ साली न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात जाऊन आले होते!

आणि गोखले? १९०२ च्या अंदाजपत्रकावर ते बोलले तेव्हा आवाज सौम्य होता. पण सरकारी तिजोरीतली शिल्लक रयतेवरच्या जादा करांतून साठली आहे, हा मुद्दा त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी मांडला आणि मिठावरचा कर कमी करा म्हणून सांगितले. पुढच्या वर्षी तो कमी झाला. आगरकरांची तर लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते तसूभर हलले नाहीत. त्यांना मात्र आपण ‘समाजसुधारक’ या निराळ्या धड्यात बसवतो. न वाकणे हाच निकष असेल, तर आपले रकाने फार घाईने आखलेले आहेत.

डिसेंबर १९१९, अमृतसरची काँग्रेस. सरकारने देऊ केलेल्या माँटेग्यू सुधारणांचे काय करायचे हा प्रश्न होता. चित्तरंजन दास अडवणुकीच्या बाजूचे. टिळकांची भूमिका प्रतियोगी सहकारितेची: सरकार जितके पुढे येईल तितके आपण येऊ. म्हणजे जहालांचे अग्रणी मध्यावर उभे! सर्वांत मऊ सूर गांधींचा होता. सुधारणा मनापासून राबवाव्यात असे त्यांचे म्हणणे. पुढे सातच महिन्यांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, असहकाराची चळवळ सुरू केली ती याच गांधींनी. टिळक त्याच दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर, गेले होते.