घाणा किती मोठा काढावा?



उत्पादनपद्धतींचा अभ्यास करावयाचा, तर पुणेकराला फार दूर जावे लागत नाही. कसबा पेठेतून निघून भोसरीमार्गे चाकण गाठले, की या पद्धती एकामागून एक भेटतात.

तांबट आळीतील कारागिरांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून येथे आले. त्यांचे मठारकाम आजही हातोडीनेच चालते. बंब असो वा घंगाळ, प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे घडते. ग्राहकाला हवे ते मिळते, मात्र हात चालेल तेवढेच उत्पादन होते. या पद्धतीला मागासलेली म्हणण्याची घाई नको. कारखान्यांना लागणारे अवजड बॉयलरदेखील बहुधा एकेका मागणीबरहुकूमच बांधले जातात.

दुसऱ्या टोकाला आहे ती वाहती रांग. हेन्री फोर्ड यांनी १९१३ मध्ये ती मोटारींसाठी चालू केली आणि सांगाडा जोडण्याचे साडेबारा तासांचे काम सुमारे दीड तासावर आले. आपल्याकडे बजाजच्या आकुर्डी कारखान्यात अशाच रांगेतून लक्षावधी स्कूटर बाहेर पडल्या. 'चेतक'साठी वर्षानुवर्षे वाट पाहिलेली कुटुंबे आजही घरोघरी आहेत. त्या प्रतीक्षेला परवाना-पद्धतीने उत्पादनावर घातलेली बंधने मुख्यतः कारणीभूत होती. जे बनेल ते विकले जाणारच, अशा बाजारात एकाच वस्तूची रांग निर्धास्त चालते. १९९१ नंतर ग्राहकाला निवड मिळाली आणि तो निर्धास्तपणा संपला.

भोसरीचा लघुउद्योजक या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याचे काम लॉटचे. दिवाळीत गृहिणी त्याच कढईत आधी चकल्यांचा घाणा काढते, मग शंकरपाळ्यांचा. तसा हा एकाच प्रेसवर डाय बदलून निरनिराळे भाग काढतो. आता हिशोब पाहा. डाय बदलून सेटिंग करावयास १८० मिनिटे लागली आणि नग ६० काढले, तर प्रत्येक नगावर सेटिंगची ३ मिनिटे पडतात. १,८०० काढले, तर अवघे ६ सेकंद. म्हणून मागणी ३०० ची असली, तरी तो १,८०० काढतो. उरलेले १,५०० नग पडून राहतात आणि त्यांच्यावर बँकेचे व्याज चढते.

जपानमध्ये टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी हा क्रम उलटा केला. पुढच्या विभागाने मागितले, तरच मागच्याने बनवावयाचे. चाकण परिसरातील वाहन कारखान्यांनीही हा विचार बऱ्याच अंशी स्वीकारला आहे. परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मोठ्या कारखान्याने गोदाम रिकामे केले आणि तोच साठा पुरवठादाराच्या शेडमध्ये जाऊन बसला, तर काटकसर कोणाची झाली? लहान पुरवठादाराचे देणे कमाल ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. माल तासाच्या हिशोबाने मागणाऱ्याला हा दिवसांचा हिशोब जड वाटू नये. शिवाय शून्य साठ्यालाही जोखीम आहेच. २०२१ मध्ये इवल्याशा चिपअभावी जगभरच्या मोटारींच्या रांगा थांबल्या.

मग भोसरीच्या उद्योजकाच्या हाती काय उरते? सेटिंगचा वेळ. शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या १,००० टनी प्रेसवरील चार तासांचे सेटिंग आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणले. तेवढे दूर राहो. १८० मिनिटांची १० झाली, तरी १०० नगांच्या लॉटवर तेच ६ सेकंद पडतात. मागणी ३०० ची, तर ३०० च काढता येतात. त्यासाठी नवा प्रेस घ्यावा लागत नाही. प्रेस थांबवूनच करावी लागणारी कामे कोणती आणि तो चालू असताना उरकता येणारी कोणती, याची यादी आधी करावी. पुढचा डाय, बोल्ट, पाने, मापे शोधण्याची धावपळ बहुतेक ठिकाणी प्रेस थांबल्यावरच सुरू होते.