शाळा, शिक्षक आणि पोलीस
(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेत पोलीस असावा काय, हा अमेरिकेत फार दिवसांचा वाद आहे. तेथील फ्लिंट शहरात १९५० च्या दशकात सरकारी शाळांत पोलीस अधिकारी देण्यास सुरुवात झाली. मुलांना पोलीस आपला वाटावा, हा त्यामागील हेतू. १९९९ साली कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला आणि असे अधिकारी गावोगावी वाढले.

बाहेरच्या हल्ल्यापासून मुलांचे रक्षण करणे हे पोलिसांचेच काम, याबद्दल दुमत नाही. मात्र नुसत्या संख्येने ते साधत नाही. २०२२ साली टेक्सासमधील युवाल्डे येथे ३७६ अधिकारी जमले, तरी हल्लेखोराला गाठण्यास ७७ मिनिटे लागली. १९ मुले आणि २ शिक्षिका प्राणास मुकल्या.

खरा धोका पुढे आहे. पोलीस हाताशी असला की शिक्षकाचे कामही त्याच्याकडे जाऊ लागते. २०१५ साली टेक्सासमधील आयर्विंग येथे १४ वर्षांच्या एका मुस्लिम विद्यार्थ्याने घरी बनवलेले घड्याळ शाळेत आणले. शाळेला बॉम्बची शंका आली. पोलीस आले, मुलाला बेड्या पडल्या. पुढे गुन्हा दाखल झाला नाही. पण शाळेने मुलावरचा विश्वास सोडला, तो सोडलाच.

आपल्या शेजारी बिदरचे उदाहरण आहे. २०२० साली नागरिकत्व कायद्यावरील एका नाटुकल्यावरून तेथील शाळेत पोलिसांनी लहान मुलांची चौकशी केली. मुख्याध्यापिका व एका विद्यार्थिनीची आई यांना अटक झाली. गणवेशात, शस्त्रांसह मुलांना प्रश्न विचारणे प्रथमदर्शनी बालन्याय नियमांचा भंग आहे, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटले. राजद्रोहाचा खटला २०२३ साली रद्द झाला.

कायदा स्पष्ट आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार बेडी घालता येत नाही, आणि मुलांशी बोलताना पोलिसांनी शक्यतो साध्या वेषात असावे. हे नियम प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर हवेत.

वाहतूक, छेडछाड, अमली पदार्थ यांसाठी पोलिसांना अवश्य बोलवावे. मुलावर अत्याचार झाल्यास तर लपवाछपवी न करता लगेच कळवावे; तो कायदाच आहे. पण वर्गातली मारामारी, उद्धट उत्तर, फुटलेली काच यांचा निवाडा शिक्षक आणि पालकांनी एकत्र बसून करावा. तालीम आपण देतो, तशी तरबियतही आपणच द्यायची आहे. ती पोलीस ठाण्याकडे सोपवू नये, एवढीच माझी विनंती.

जयहिंद!