मेणबत्तीचा रंग आणि चटणीचा डबा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं. ज्या तायांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहे.)

ताई आणि मावशींनो, सोलापुरात रंग म्हटला की आधी चादर डोळ्यांपुढे येते. चादरीच्या सुती धाग्याला रंग पाण्यातून चढवतात. आज ज्या रंगाबद्दल बोलायचंय तो पाण्यात विरघळतच नाही. तेलात, मेणात, पेट्रोल-स्पिरिटमध्ये विरघळतो. कारखान्यात त्याला सॉल्व्हंट डाय म्हणतात.

तुम्ही तो पाहिलाय. रेशनचं निळं रॉकेल आठवतं ना? काळाबाजार ओळखता यावा म्हणून त्यात असा रंग टाकायचे. बूट पॉलिश, बॉलपेनची शाई, गाडीच्या मागच्या दिव्याचं लाल प्लॅस्टिक, सगळीकडे हीच मंडळी. पिवळा, केशरी, लाल हे बहुतेक अझो जातीचे आणि स्वस्त. निळा, हिरवा, जांभळा बरेचदा अँथ्राक्विनोन जातीचे. तिसरे धातू जोडलेले, लाकडाच्या पॉलिशला आणि छपाईला लागतात. ते आपल्या कामाचे नाहीत.

आपल्या कामाचा आहे तो मेणबत्तीचा रंग. दिवाळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या गटांना माहीत आहे, मेणात रांगोळीचा रंग टाकला की तो तळाशी बसतो, वात चोंदते, ज्योत मिणमिणते. सॉल्व्हंट रंग मेणात पूर्ण विरघळतो, म्हणून वात नीट जळते. चिमूटभर पुरतो. मोजताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेतच, कारण भुकटी फार बारीक असते.

आता खरा मुद्दा. आपले बरेच गट मेणबत्त्याही करतात आणि शेंगा चटणी, मिरची पूडही. खोली एकच, काटा एकच, कधीकधी चाळणीही एकच! तिथंच मला भीती वाटते.

याच रंगांपैकी एक सुदान १. पाकिटावर त्याचं नाव ‘सॉल्व्हंट यलो १४’ असं असू शकतं. सुदान ४ म्हणजे ‘सॉल्व्हंट रेड २४’. जुनी, फिकी पडलेली मिरची पूड लालभडक दिसावी म्हणून काही व्यापारी हे रंग घालतात. सुदान १ खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी झालेल्या आढळल्या आहेत. २००५ साली ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये तो सापडला. सॉसमधली मिरची पूड भारतातून गेलेली होती. शेकडो पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. एका पोत्यातल्या पुडीनं केवढा घोळ!

कुणी म्हणेल, आम्ही ग्लासभर पाण्यात पूड टाकून बघतो, रंगाच्या रेघा उतरल्या तर भेसळ. बरोबर आहे, पण त्यात पाण्यात विरघळणारा रंगच सापडतो. सुदान पाण्यात उतरतच नाही, म्हणजे ती पूड पास! तेलात टाकून बघावं तर मिरचीचा स्वतःचा लाल रंगही तेलात उतरतो. चटणीवरचा लाल तवंग तोच तर असतो. घरी हे ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतच कळतं.

म्हणून तयार पूड विकत घेऊ नका. अख्खी मिरची घ्या, देठं काढा, आपल्यासमोर कांडून आणा. रंग हवा तर ब्याडगीचं प्रमाण वाढवा. महाग पडते, मान्य आहे. पण तिखट कमी आणि रंग जास्त हे तिचं वैशिष्ट्यच आहे. दर परवडत नसेल तर चटणी थोडी फिकी राहू द्या.

आणि दुकानदार ‘खायला चालतो’ म्हणाला तर? आपल्या कायद्यात खाण्यासाठी परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत आणि ते आठही पाण्यात विरघळणारे. मिरची पुडीत तर तेही घालता येत नाहीत. लाल भुकटी तेलात विरघळते असं कुणी कौतुकानं सांगितलं, तर ती मेणासाठी घ्या किंवा तिथंच ठेवा.

मेणबत्तीच्या रंगाचा डबा वेगळ्या खोलीत, कुलपात. त्यावर मोठ्या अक्षरात ‘मेणाचा रंग, खाण्याचा नाही’. काटा, चमचा, चाळणी, सगळं वेगळं. वेगळ्या काट्याचा खर्च गटाच्या ठरावात घ्या, अध्यक्ष ताईंच्या खिशातून नको. पुढच्या बैठकीला आपापल्या गटातली रंगाची पाकिटं घेऊन या. नावं आणि नंबर आपण बसून वाचू. बिननावाची पुडी असेल तर तीही आणा.