वाळवंटातील सहल आणि आपली मुले

(केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत शिक्षकांसमोर केलेले भाषण)



दिवाळीची सुटी जवळ येऊ लागली की आपल्या शाळाशाळांतून प्रवासाच्या बेतांची बोलणी सुरू होतात. कोणी कोकणात उतरतो, कोणी दक्षिणेकडे वळतो, आणि पुष्कळ शिक्षक-कुटुंबे राजस्थानचा रस्ता धरतात. जयपूर, उदेपूर, जोधपूर असे करीत मंडळी शेवटी जैसलमेरला पोहोचतात. वर्गात फळ्यावर नकाशा काढून ज्या थरच्या वाळवंटाचा धडा आपण दिला, ते वाळवंट स्वतःच्या मुलांस प्रत्यक्ष दाखवावे, ही इच्छा सर्वथा योग्य आहे. मीही दोन हिवाळ्यांत त्या भागात सहकुटुंब हिंडलो आहे. जैसलमेरला मुक्काम ठेवून तेथून मुलांसह एकेका दिवसाच्या सहली कशा आखाव्यात, एवढ्यापुरतेच आज बोलणार आहे.

सम येथील वाळूच्या टेकड्यांवर ऐन दुपारी एक कुटुंब उतरलेले मी पाहिले. सकाळपासून किल्ला, हवेल्या आणि तलाव उरकून ती मंडळी आली होती. पाच-सहा वर्षांची मुलगी वडिलांच्या खांद्यावर मान टाकून पडली होती, ओठ सुकले होते, आणि आई तिला पुनःपुन्हा म्हणत होती, “अगं, बघ ना, उंट बघ!” त्या मुलीला उंट नको होता, सावली हवी होती. मोठ्यांनी आपल्या हौसेचे वेळापत्रक करावे आणि मुलांनी त्यामागे फरफटत जावे, हे कोठेही वाईटच. वाळवंटात ते धोक्याचेही ठरते. तेव्हा तेथे दिवसाचे माप ठिकाणांच्या संख्येने न घेता मुलाच्या ताकदीने घ्यावे. एका दिवशी एकच ठिकाण, फार तर दोन, असा नेम बांधून घ्यावा. पैसे खर्चून इतक्या दूर आल्यावर हे जिवावर येते, हे मी जाणतो.

उन्हाळ्याच्या सुटीत तर तिकडे मुलांस नेऊच नये. जैसलमेरच्या वाटेवरील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मात्र हिवाळा म्हणून निर्धास्त होण्याचे कारण नाही. हवा इतकी कोरडी असते की अंगावर आलेला घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. मूल घामेजलेले दिसत नाही, म्हणून ते तहानलेले नाही, असे आपण समजतो आणि तेथेच फसतो. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या त्वचेचा विस्तार मोठ्यांपेक्षा अधिक असतो, त्यामुळे बाहेरचा ताप त्याचे शरीर लवकर ओढून घेते. खेळण्याच्या नादात ते पाणीही मागत नाही. म्हणून मागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाजावेत. दिवसभरासाठी मोठ्या माणसामागे चार लिटर, मुलामागे दोन ते तीन लिटर आणि गाडीत शिलकीचा पाच लिटरचा कॅन, एवढे पाणी घेतल्याशिवाय निघू नये. मूल चिडचिडे किंवा मलूल झाले, लघवी कमी आणि गडद होऊ लागली, की सहल तेथेच थांबवून सावली गाठावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण आपण मुलांस शिकवितोच. ते आपल्या पिशवीतही असावे. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले किंवा ग्लानीत गेले, तर मात्र घरगुती उपायांत वेळ दवडू नये. अंग ओले करून वारा घालीत सरळ रुग्णालय गाठावे.

दिवसाची विभागणी त्या प्रदेशातील गुराखी करतात तशीच करावी. पहाटे निघावे, अकराच्या सुमारास सावलीत यावे, दुपारी जेवण आणि झोप, आणि चार वाजल्यानंतर पुन्हा बाहेर पडावे. पाण्याच्या बाटलीस ओले फडके गुंडाळून ती खिडकीशी ठेवा. कोरड्या वाऱ्याने पाणी थोड्याच वेळात गार होते. आपल्याकडे पूर्वी छागल वापरीत, तिचेच हे तत्त्व. बाष्पीभवनाचा धडा मुलाला तेथे घोटाघोटाने कळतो.

आता ठिकाणांविषयी. पहिल्या दिवशी दूर जाऊच नये. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसविलेला किल्ला गावातच आहे, आणि त्याच्या तटाआत आजही कुटुंबे नांदतात, ही गोष्ट मुलांना बुरुजांपेक्षा अधिक नवलाची वाटते. जवळच गडीसर तलाव आहे. वर्षाकाठी जेथे दोनशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेथे चौदाव्या शतकात पावसाचे पाणी अडवून हा तलाव सिद्ध केला आणि पुढे कित्येक शतके शहर त्यावर जगले. आपल्या गावच्या पाझर तलावाशी तुलना करण्यास मुलांना सांगावे. उत्तरे फार मजेची येतात.

दुसरा दिवस आकलसाठी ठेवावा. बारमेरच्या रस्त्यावर सुमारे सतरा किलोमीटरांवर हे दगड झालेल्या वृक्षांचे उद्यान आहे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी येथे दमट हवा होती आणि घनदाट अरण्य होते. त्या झाडांचे बुंधे आज शिळारूपाने उघड्या माळावर पडले आहेत. हात लावला तर दगड, पाहिले तर लाकडाचा पोत. माझ्या धाकट्या मुलाने त्या ओंडक्याला कान लावला होता, कशासाठी ते त्याचे त्यालाच ठाऊक. तेथील एकही तुकडा खिशात घालू देऊ नये. उद्यानात सावली नाही, म्हणून सकाळीच जावे. दीड तास पुरे होतो.

कुलधरा या ओसाड गावी सगळेच जातात. वाहनचालक वाटेतच भुताखेतांच्या गोष्टी सुरू करतो आणि मुले रात्री झोपत नाहीत. त्यास आधीच नम्रपणे थांबवावे. भुताहून सुरस अशी खरी गोष्ट तेथे आहे. हे गाव पालीवाल ब्राह्मणांचे. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी सखल शेताच्या कडेला मातीचा लांब बांध घालून अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढावयाचा, ही ‘खडीन’ नावाची पद्धत त्यांनी त्या भागात रुजविली. काही खडिनी आजही पिकतात. चालकास विचारल्यास तो वाटेतली एखादी दाखवितो. एकोणिसाव्या शतकात हे गाव उजाड झाले. दिवाण सालमसिंगाच्या जुलमाची आख्यायिका लोक सांगतात. पाणी आटल्याचे कारण अभ्यासक देतात. दोन्ही सांगावीत आणि मुलांस विचार करू द्यावा.

वाळवंट म्हणजे ओसाडी, हा समज आपणच धडा शिकविताना पक्का करून ठेवला आहे. वास्तविक दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, तोच तेथला खेजडी वृक्ष. त्याच्या शेंगा म्हणजे सांगरी. केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी तेथे जेवणात मिळते. आपल्या मुलांस भाकरी परकी नाही, तेव्हा हॉटेलातील इतर पदार्थांपेक्षा हेच बरे. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० मध्ये ही झाडे तोडू न देण्यासाठी अमृतादेवी आणि बिष्णोई समाजातील एकूण ३६३ माणसांनी प्राण दिले. झाडाखाली बसून ही हकीकत सांगितली तर मुले त्या झाडाकडे निराळ्या नजरेने पाहतात. तसाच आपला माळढोक. सोलापूरकडील नान्नजला जो आता जवळजवळ दिसेनासा झाला, त्याचे शेवटचे मोठे आश्रयस्थान जैसलमेरकडील गवताळ माळ आहेत. सगळे मिळून हे पक्षी दीडशेच्याही खाली उरले आहेत. राष्ट्रीय मरुउद्यानात वनखात्याच्या परवानगीने जाता येते, पण माळढोक दिसेलच असे वचन मुलांस देऊ नये. दिसण्याची खात्री हवी असेल तर येताना किंवा जाताना फलोदीशेजारच्या खीचन गावी थांबावे. हिवाळ्यात तेथे कुरजां नावाचे करकोच्याच्या जातीचे पक्षी हजारोंनी उतरतात, आणि गावकरी त्यांना रोज सकाळी दाणे घालतात. मुलांनी तेथे ओरडू नये म्हणून मला काही सांगावे लागले नाही. एवढे पक्षी पाहून ती आपोआप गप्प झाली.

लोंगेवाला व तनोट ही ठिकाणे मात्र शंभर किलोमीटरांहून दूर आहेत. १९७१ च्या युद्धाची जाण असलेल्या मोठ्या मुलांस न्यावे. आठ वर्षांखालील मुलांचा सारा दिवस गाडीत जातो.

वाळूच्या टेकड्यांसाठी समपेक्षा खुडी मला बरी वाटली, गर्दी थोडी. शक्य असल्यास तेथे पहाटे जावे. रात्रीच्या वाऱ्याने पाटी कोरी झालेली असते आणि तिच्यावर किडे, सरडे, उंदीर, खोकड यांच्या पावलांची अक्षरे उमटलेली असतात. कोण कोठून आला, कोठे वळला, कोठे नाहीसा झाला, हे मुलांस वाचू द्यावे. असा वाचनपाठ आपल्या वर्गात होणे नाही. वाळू हातभर उकरली तर खाली ती गार लागते; तेव्हा प्राणी दिवसा कोठे राहतात याचे उत्तर मुलेच देतात. फुरसे आणि विंचू तेथेही आहेत. म्हणून अनवाणी चालू देऊ नये, झुडपात हात घालू देऊ नये आणि काढून ठेवलेले बूट झटकून घालावेत. उंटावर पंधरा-वीस मिनिटे पुरेत. उठताना उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. मुलास आपल्या पुढ्यात घट्ट धरून मागे रेलून बसावे. टेकड्यांवरून जीप उधळण्याचा जो खेळ चालतो, त्यात मुलांस बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाडे, वेळ आणि परतीची जागा आदल्या रात्रीच ठरवून घ्यावी.

संध्याकाळचा बेत असेल तर लोकरीचे कपडे दुपारीच पिशवीत घालावेत. सूर्य बुडाला की कोरड्या हवेतून उष्णता झपाट्याने निघून जाते, आणि जानेवारीत पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. दिवे सोडून जरा दूर गेल्यास आकाश मात्र असे दिसते की मुले परत फिरण्यास तयार होत नाहीत. तरी आठाच्या आत गाडीत बसावे.

जैसलमेरच्या परिसराचा एक नकाशा मी हाताने काढून आणला आहे. तो येथे टेबलावर ठेवतो. ज्यांचा या सुटीत जाण्याचा विचार असेल त्यांनी तो उतरवून घ्यावा, आणि मुलांची वये मला सांगावीत. कोणता दिवस कोठे ठेवावा, ते आपण बसून पाहू.