आकडा नव्हे, कारण दुरुस्त करा
(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१९१२ साली ‘सेलान्दिया’ हे डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या प्रवासाला निघाले. डिझेल इंजिनांवर महासागर ओलांडणाऱ्या पहिल्या मोठ्या जहाजांपैकी ते एक. त्याला धुरांडेच नव्हते. इंजिनांचा वायू डोलकाठीतून वर सोडला होता. वाफेच्या जहाजावर धुराच्या रंगावरून भट्टीचा अंदाज येई. डिझेल इंजिनात जळण होते ते बंद सिलिंडरच्या आत, सेकंदाच्या लहानशा भागात. ते कसे झाले हे ओळखण्याची एक मोठी खूण म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान. ही खूण कशी वाचायची, हा आजचा विषय.

हे तापमान हवा-इंधनाच्या मिश्रणावर अवलंबून असते, म्हणून आधी मिश्रणाविषयी. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरलेल्या प्रमाणात, वजनाने एक भाग इंधनाला सुमारे १४.७ भाग हवा असे, मिसळले जाते. डिझेलचे तसे नाही. इथे सिलिंडर दरवेळी हवेने भरतो आणि भाराप्रमाणे इंधन तेवढे कमी-जास्त होते. हिशेबाने एक किलो डिझेलला साधारण साडेचौदा किलो हवा पुरते. पण प्रत्यक्षात पूर्ण भारावरही त्याहून बरीच जास्त द्यावी लागते, कारण फवारलेल्या प्रत्येक थेंबाला क्षणार्धात प्राणवायू गाठायचा असतो. चुलीत लाकडे कोंबली आणि वारा कमी पडला की धूर होतो, तेच इथे घडते. म्हणून जहाजावर मिश्रण जुळवायचे म्हणजे चार गोष्टी पाहायच्या: इंधन किती गेले, केव्हा गेले, कसे फवारले गेले आणि टर्बोचार्जरने हवा पुरेशी दिली का.

प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये तापमान मोजणारा एक थर्मोकपल बसवलेला असतो. मध्यम वेगाच्या इंजिनात पूर्ण भारावर तो साधारण साडेतीनशे ते पाचशे अंश सेल्सिअस दाखवतो. समजा, सहा सिलिंडरांपैकी पाच ३८० अंशांच्या आसपास आहेत आणि चौथा ४४० वर गेला आहे. इथे मोठा मोह होतो: चौथ्याचा फ्युएल रॅक, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारा दांडा, थोडा मागे घ्यावा, इंधन कमी करावे, आकडे सारखे करावेत. अलार्म थांबतो, वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, शांतपणे संपते.

पण तो सिलिंडर तापला कशामुळे? इंधन खरोखरच जास्त जात असेल, तर तापमानाबरोबर जळणाचा कमाल दाबही वाढलेला दिसेल. तेव्हा रॅक मागे घेणे योग्यच. इंधन उशिरा फवारले जात असेल, तर तापमान चढेल आणि कमाल दाब उतरेल. इंजेक्टर ठिबकत असेल, तर मोठे थेंब रेंगाळत जळतात आणि आग एक्झॉस्टपर्यंत पोहोचते. एक्झॉस्ट वाल्व नीट बसत नसेल, तर तापलेला वायू त्या फटीतून निसटतो आणि कॉम्प्रेशनचा दाबही घटतो. अशा वेळी केवळ रॅक मागे घेतला, तर वाल्व जळतच राहतो, आणि कमी झालेला भार उरलेल्या पाच सिलिंडरांवर पडतो. जड तेलातील व्हॅनेडियम आणि सोडियम यांची राख पुरेशा उष्णतेत वितळून वाल्वचा धातू खाते. त्यामुळे ही हयगय लवकर महागात पडते.

सगळेच सिलिंडर एकदम तापले, तर कारण बहुधा सर्वांना सामाईक असते: तुंबलेला एअर फिल्टर, काजळलेला टर्बोचार्जर, मळलेला एअर कूलर किंवा जहाजाच्या तळाला चिकटलेल्या शिंपल्यांमुळे वाढलेला भार. आणि एकच काटा अचानक उडाला, तर आधी थर्मोकपल तपासावा.

आणखी एक. धडधाकट इंजिनातही सगळे आकडे सारखे नसतात. एक्झॉस्टच्या नळीत कोणता सिलिंडर कुठे आहे, यावर थोडा फरक पडतो. म्हणून तुलना करायची ती शेजारच्या सिलिंडराशी तर खरीच, पण त्याहून महत्त्वाची ती इंजिन नवे असताना, चाचणीच्या वेळी, त्याच भारावर नोंदलेल्या आकड्यांशी.

हे केवळ मोठ्या जहाजांसाठी नाही. हर्णै आणि मिरकरवाडा या मासेमारी बंदरांतल्या तांडेलांनाही ते उपयोगी आहे. एक्झॉस्टमध्ये समुद्राचे पाणी सोडण्याची रचना असेल, तर तापमान त्या पाण्याच्या आधी मोजा; पाणी मिसळल्यावरचा आकडा सिलिंडरातील जळणाविषयी काही सांगत नाही. काळा धूर दिसला तर तो जळलेल्या पैशाचा धूर आहे, हे ओळखा. इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर, ठरावीक ओझ्यावर तापमान वहीत लिहा. चार महिन्यांची वही एका दिवसाच्या काट्यापेक्षा अधिक बोलते.

इथे जमलेल्या तरुण इंजिनिअरांना माझी विनंती आहे. रॅकला हात लावण्याआधी दाब मोजा, नोझल तपासा, वाल्व पाहा. त्यानंतरही रॅक हलवावाच लागला, तर किती हलवला आणि का हलवला हे नोंदवहीत लिहा, म्हणजे पुढच्या वॉचच्या माणसाला इंजिनाची खरी अवस्था कळेल. त्याची आणि जहाजाची सुरक्षितता त्या दोन ओळींवर अवलंबून असते.