प्रयोगशाळेपासून कांद्याच्या चाळीपर्यंत



पुणे-लोणावळा लोकलने तुम्ही कधी गेला असाल, तर पिंपरीचे स्टेशन तुम्हांला ठाऊक असेल. तिथल्या जुन्या रहिवाशांना 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' असे लांबलचक नाव घेण्याची सवय नाही. ते सरळ 'पेनिसिलिन फॅक्टरी' म्हणतात. आज पिंपरी-चिंचवड म्हटले की मोटारी, स्कूटर आणि त्यांचे सुटे भाग डोळ्यांपुढे येतात. पुढे नाशिकच्या रस्त्याने भोसरी, मोशी करीत चाकणला जावे तर परदेशी मोटारींचे कारखाने लागतात. पण या साऱ्या पट्ट्यातला आरंभीचा मोठा कारखाना लोखंडाचा नव्हता, बुरशीचा होता, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

आजचा विषय आहे निरनिराळ्या शास्त्रांतले संशोधन सरकारच्या धोरणात आणि आपल्या रोजच्या व्यवहारात कसे उतरते, हा. धोरण हा शब्द जरा दिल्लीचा वाटतो. पण गावच्या दवाखान्यात कोणते इंजेक्शन फुकट मिळते, कांद्याच्या चाळीला अनुदान मिळते की नाही, औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून काय द्यायचे नाही, हे सगळे धोरणच. तेव्हा विषय तुमच्या ओसरीवरचाच आहे.

प्रथम बुरशीची हकीकत पाहू. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतू वाढवण्याच्या एका बशीत बुरशी आलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेलेले दिसले. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून येते आणि बहुधा तिथेच संपते. वस्तुतः तिथे काहीच संपले नव्हते. फ्लेमिंग जंतुशास्त्रज्ञ. बुरशीतले ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे हे रसायनशास्त्राचे काम होते आणि ते त्यांना साधले नाही. दहाबारा वर्षे ती गोष्ट जवळजवळ पडूनच राहिली. पुढे ऑक्सफर्डला फ्लोरी हे रोगनिदानशास्त्रज्ञ आणि जर्मनीतून परागंदा होऊन आलेले रसायनशास्त्रज्ञ चेन यांनी ती हाती घेतली. हीटली नावाचे त्यांचे सहकारी तर दवाखान्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या भांड्यांत बुरशी वाढवीत असत, कारण युद्धाच्या काळात दुसरी भांडी मिळत नव्हती! १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायाला हे औषध टोचले. त्याला उतार पडू लागला. पण औषध अपुरे होते. त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचले, तरीही पुरले नाही आणि महिन्याभरात तो गेला.

शोध लागला होता, गुण येत होता, आणि माणूस मेला तो औषध पुरेसे नव्हते म्हणून. ही अडचण सोडवली कोणी? अमेरिकेत पिओरिया या गावी सरकारची एक शेतकी प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना जे पाणी उरते, ते खपवावे कुठे, या विवंचनेत तिथले लोक होते. त्या पाण्यात पेनिसिलिनची बुरशी भरभरून वाढते, असे त्यांना आढळले. अधिक जोमदार बुरशी त्यांना मिळाली ती बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर. मग रसायन अभियंते आले. मोठमोठ्या टाक्यांतून निर्जंतुक हवा सोडायची, सतत ढवळत ठेवायचे, तापमान ढळू द्यायचे नाही; कारण परका जंतू आत शिरला तर सारी टाकी वाया! एका इंजेक्शनच्या कुपीमागे जंतुशास्त्र, रसायन, वैद्यक, शेतकी आणि यंत्रविद्या अशी पाच शास्त्रे उभी आहेत, ती अशी. यातले एक जरी गळाले असते तरी कुपी तयार झाली नसती.

आता हे आपल्याकडे कसे आले? स्वातंत्र्याच्या सुमारास पेनिसिलिन बाहेरून आणावे लागे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले मेजर जनरल साहिब सिंग सोखी यांच्यासारखी माणसे तेव्हापासून आग्रहाने सांगत होती, की औषध नुसते विकत आणून भागणार नाही, ते करण्याची विद्या देशात आली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले, 'युनिसेफ'ने यंत्रसामग्री दिली. १९५४ साली पिंपरीला सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली उत्पादन सुरू झाले. सरकारी मालकीचा हा देशातला पहिला औषधी कारखाना. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की कारखान्याबरोबर संशोधनाचा विभागही उभा राहिला. त्याची धुरा होती एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे. हे गृहस्थ मूळचे वनस्पतींवरच्या बुरशींचे अभ्यासक. पिकांवर जो तांबेरा पडतो ना, तसल्या रोगांचा त्यांचा व्यासंग. औषधाच्या कारखान्यात तांबेऱ्याच्या माणसाचे काय काम, असे एखाद्या कारकुनी डोक्याला वाटले असते. सुदैवाने तसे झाले नाही. त्यांच्या चमूने 'हमायसिन' हे बुरशीनाशक औषध शोधले आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात 'पिंप्रिना' हा शब्द घातला. आपल्या पिंपरीचे नाव असे जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात जाऊन बसले आहे! त्याच कारखान्यात पुढे 'ऑरिओफंजिन' निघाले. ते माणसांसाठी नव्हे, पिकांच्या आणि फळझाडांच्या रोगांसाठी. शेतातून आलेली विद्या दवाखान्यात जाऊन पुन्हा शेतात आली.

पण सगळेच गोड बोलून चालणार नाही. नव्वदीनंतर बाहेरचे पेनिसिलिन स्वस्त पडू लागले. देशातले मूळ पेनिसिलिनचे उत्पादन हळूहळू बंद पडले आणि आपण जवळजवळ पूर्णपणे आयातीवर, मुख्यतः चीनवर, विसंबून राहिलो. पिंपरीचा कारखानाही आजारी उद्योगांच्या यादीत गेला. २०२० साली सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी प्रोत्साहन योजना काढली, तिच्यात पेनिसिलिनचे नाव पुन्हा घालावे लागले. धोरण ठरवताना फक्त आजचा भाव पाहणाऱ्या हिशेबनिसाला विचारले आणि वैद्य व अभियंता यांना विचारले नाही, तर असे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्ताईचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता.

दुसरी अडचण अधिक घरातली आहे. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारल्यावर दिलेल्या व्याख्यानातच फ्लेमिंग यांनी धोका सांगून ठेवला होता. औषध कमी मात्रेत घेतले तर दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि त्या चिवटांचाच वंश पुढे वाढतो. आपण काय करतो? ताप उतरला की उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवतो आणि पुढच्या महिन्यात शेजारणीच्या मुलाला देतो. गाईच्या कासेला सूज आली की तिला प्रतिजैविक टोचतो आणि दूध त्याच दिवशी डेअरीला घालतो. अशा दुधाचे दही नीट लागत नाही, हे कित्येक घरांत बायकांच्या ध्यानात आलेले असते. विरजण म्हणजे जंतूच. दुधात उतरलेले औषध त्यांना मारते. म्हणजे प्रयोगशाळेतली परीक्षा घरच्या गाडग्यात होऊन जाते, फक्त तिचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

या बाबतीत धोरण हलले ते अलीकडे. २०१४ पासून बऱ्याच प्रतिजैविकांची विक्री दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवायची, चिठ्ठीची माहिती ठेवायची, असा नियम आला. २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा झाला. 'कोलिस्टिन' हे औषध माणसाच्या बाबतीत अगदी शेवटचा उपाय म्हणून राखायचे. ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. २०१९ साली त्याला बंदी झाली. यासाठी पशुवैद्य आणि माणसांचे डॉक्टर एका टेबलाभोवती बसावे लागले. नियम झाले, पण दुकानातली वही काय सांगते आणि गल्ल्यावर काय चालते, यांतले अंतर तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतली एक संस्था येथे ओझरती सांगतो. एड्सच्या संशोधनासाठी ती १९९२ साली निघाली. नऊ देशांत मिळून १,७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला, त्यात ही संस्थाही होती. जोडप्यांपैकी एकाला लागण, दुसऱ्याला नाही. शरीराची प्रतिकारशक्ती बरीच खालावण्याची वाट न पाहता औषध लवकर सुरू केले, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते, असे २०११ साली दिसून आले. लागण जोडीदाराकडूनच झाली की बाहेरून, हे ठरवायला विषाणूची अनुवंशिक तपासणी लागली. आकड्यांचा अर्थ लावायला संख्याशास्त्र लागले. आणि नवराबायकोंना एकत्र बसवून विश्वासाने बोलते करायला समुपदेशक लागले. ते तिसरे काम सर्वांत अवघड, आणि त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. जगाची नियमावली बदलली आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये भारत सरकारने ठरवले, की तपासणीत लागण दिसली की थांबायचे नाही, औषध लगेच सुरू.

आता चाकण. मोटारी येण्यापूर्वी चाकण म्हणजे कांदा, आणि आजही तिथला कांद्याचा बाजार मोठा आहे. उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखात निघतो आणि भाव हवा असेल तर दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकवावा लागतो. मधे सबंध पावसाळा. साध्या साठवणीत चार-सहा महिन्यांत निम्म्याच्या घरात माल जाऊ शकतो: काही सुकतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. या तिन्ही खोडी वेगवेगळ्या. सुकणे हा हवेतल्या ओलाव्याचा आणि उष्णतेचा प्रश्न, तो पदार्थविज्ञानाचा. सडणे, काजळी धरणे हा बुरशीचा. कोंब येणे हा कांद्याच्या स्वभावाचा, म्हणजे वनस्पतिशास्त्राचा. एकट्या कोणालाही उत्तर सापडले नसते.

चाकणपासून थोड्याच अंतरावर राजगुरुनगरला कांदा व लसूण यांच्या संशोधनाची केंद्र सरकारची संस्था १९९८ पासून आहे. 'भीमा शक्ती', 'भीमा किरण' ही टिकाऊ वाणे तिथलीच. भीमा नदीच्या काठची म्हणून ते नाव. या शास्त्रज्ञांचे सांगणे ऐकायला साधे आहे. नत्र उशिरापर्यंत देऊ नका, काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा, कांदा पातीसकट शेतात सुकू द्या, मान बोटभर ठेवून पात कापा, मग सावलीत आणखी दहाबारा दिवस राहू द्या. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला हवा, म्हणजे खालून वारा वर जाईल. सरकारी अनुदानासाठी चाळीचे जे नमुने आणि मापे ठरली, त्यांच्या मुळाशी असले प्रयोग आहेत. पण गंमत अशी, की अनुदानाची चाळ मापाप्रमाणे उभी राहते आणि आत भरतो तो कांदा घाईत कापलेला, ओल्या मानेचा. धोरणाने चाळ दिली. काढणीची रीत कागदावरच राहिली. आणि मजुरी वाढली असताना, पंधरा दिवस सावलीत ठेवायला जागा नसताना शेतकरी घाई का करतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, तो चाळीच्या आराखड्यात कोणी घातलेला नाही.

याच चाकणजवळ आंबेठाणला १९७७ साली शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून कोरडवाहू शेती करायला आले. त्यांच्या राजकारणाशी सर्वांचे पटेल असे नाही, माझेही सगळे पटत नाही. पण त्यांनी एक काम केले ते अस्सल संशोधनाचे: स्वतःच्या शेताचा खर्च पैशापैशाने लिहून काढला. बियाणे, पाणी, घरच्या माणसांचे श्रम, सगळे. मग बाजारात मिळालेला भाव त्याच्याशेजारी मांडला. १९७९ साली शेतकरी संघटना उभी राहिली, चाकणला कांद्याची आंदोलने झाली आणि 'उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव' हे शब्द विधिमंडळापर्यंत गेले. पेरणीपासून पट्टीपर्यंतचा हिशेब ज्याच्या वहीत आहे, त्याला अधिकाऱ्यासमोर बोलताना अडखळावे लागत नाही. आजही कांदा हमीभावाच्या यादीत नाही. २०२३ च्या डिसेंबरात निर्यात एकाएकी बंद झाली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद राहिली, तेव्हा चाळीतल्या कांद्याचे काय, हे सांगणारे आकडे गावागावांतून निघाले असते तर निदान चर्चा तरी आकड्यांवर झाली असती.

गुरुजनांना यातून एक काम सुचवतो. तुमच्या शाळेजवळच्या एखाद्या चाळीत मालकाच्या परवानगीने दोन जाळीच्या पिशव्या ठेवा, दहा दहा किलोच्या. एकीत नीट सुकवून मान राखलेला कांदा, दुसरीत नेहमीसारखा. सातवी-आठवीच्या मुलांनी दर पंधरवड्याला वजन करावे. सडलेले, कोंबाळलेले, सुकलेले वेगळे मोजावे. त्या दिवशी पाऊस होता का, तेही लिहावे. सोबत बाजार समितीतला त्या दिवसाचा भाव. वही एकच, आणि तारखा चुकवायच्या नाहीत. दसऱ्याच्या सुमारास ती वही ग्रामसभेत मुलांनाच वाचू द्या, आणि तिची एक नक्कल राजगुरुनगरच्या संस्थेला टपालाने पाठवा.