टॉवरच्या पलीकडे आपला आवाज

 

आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओला साधारणपणे 100 वॉटपर्यंतच्या ताकदीची परवानगी असते. त्यामुळे आवाज साधारण 10 ते 15 किलोमीटर जातो, पुढे नुसती खरखर. पण आपल्या बाया तेवढ्यातच राहतात का? लेकी लांब सासरी जातात. दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात. बाळंतपणाची, रेशनची, कामगारांच्या हक्कांची माहिती त्यांना तिथंच जास्त लागते. म्हणून आम्ही इंटरनेटवरून थेट प्रसारण, म्हणजे स्ट्रीमिंग, शिकायला घेतलं.

शहरातून माणूस बोलावला असता, तर त्यानं एका दिवसात सगळं जोडून दिलं असतं. पण बंद पडलं की पुन्हा त्याचीच वाट बघायची. त्यापेक्षा पुस्तकावरून शिकू, असं ठरलं. अशी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. फ्लॉस मॅन्युअल्स नावाच्या उपक्रमात तर जाणकार माणसं काही दिवस एकत्र बसून ती लिहून काढतात. अडचण एकच, पुस्तकं बहुतेक इंग्रजीत.

आम्ही चौघींनी कामं वाटून घेतली. एकीनं वाचायचं, दुसरीनं मराठीत सांगायचं, तिसरीनं कॉम्प्युटरवर करायचं आणि चौथीनं वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी कामं बदलायची. नियम एकच: वाचलेलं हातानं करून बघितल्याशिवाय पान उलटायचं नाही.

पुस्तकातले शब्द आधी डोक्यावरून जातात. मग आपल्या गावच्या पाणी योजनेकडे बघा. विहिरीवरची मोटर पाणी टाकीत चढवते आणि टाकीतून ते घरोघरच्या नळांना जातं. स्ट्रीमिंग तसंच आहे. आपल्या कॉम्प्युटरवरचा 'बट' नावाचा छोटा प्रोग्राम ही मोटर. तो माइकचा आवाज वर पाठवतो. 'आइसकास्ट' नावाचा सर्व्हर ही टाकी. ऐकणारीचा मोबाइल हा नळ. दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात.

ही टाकी गावातल्या कॉम्प्युटरवर बसवायची की बाहेर भाड्यानं घ्यायची? इथं हिशोब करावा लागतो. आवाज 64 केबीपीएसनं पाठवला आणि सर्व्हर आपल्याकडेच असला, तर दहा जणींना ऐकवायला 640 केबीपीएसचा अपलोड वेग लागतो. बाई वाढली की भार वाढतो. सर्व्हर बाहेर असेल, तर आपल्याकडून एकच धार जाते. वाटप तिकडून होतं. आपल्याकडे नेट डुगडुगतं, म्हणून टाकी बाहेर बरी. आणि वेग तपासताना डाउनलोड नव्हे, अपलोड बघायचा.

ऐकणारीच्या खिशाचाही विचार हवा. 64 केबीपीएसनं तासभर ऐकलं, तर साधारण 29 एमबी डेटा जातो. 1000 केबीपीएसचा व्हिडिओ तासभर बघितला, तर 450 एमबी. म्हणून रोजचा कार्यक्रम आवाजाचाच. शिवणकाम, कलम बांधणं, सलाइनचं पाणी करणं असं डोळ्यांनी बघून शिकायचं असेल, तेव्हाच व्हिडिओ. त्यासाठी 'ओबीएस स्टुडिओ' हा प्रोग्रामही फुकट आहे.

दोन गोष्टी मात्र गाठ मारून ठेवा. पहिली, पासवर्डची. पुस्तकात नमुन्याला दिलेला पासवर्ड जगानं वाचलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदला. नाहीतर आपल्या टाकीत कोणीही भलतंच पाणी सोडील. व्हिडिओची 'स्ट्रीम की' तर घराची किल्लीच. पडद्यावर उघडी दिसू द्यायची नाही.

दुसरी गोष्ट कुठल्याच पानावर आम्हाला सापडली नाही. एखादी बाई दारूबद्दल, मारहाणीबद्दल आपल्या रेडिओवर बोलते, तेव्हा पंचक्रोशीत ऐकू जाईल एवढं धरून ती बोलते. इंटरनेटवर तोच आवाज मुंबईतल्या दिराच्या मोबाइलवर पोचतो. कोणी तो उतरवून घेतला, तर मागे घेता येत नाही. म्हणून प्रत्येकीला आधी नीट समजावून सांगायचं आणि पुन्हा विचारायचं. ती नको म्हणाली, तर तेवढा भाग टॉवरवरूनच जाईल. नाव बदलायचं म्हणाली, तर बदलायचं. ओव्या, जात्यावरची गाणी गाणाऱ्या आज्यांनाही हेच विचारायचं. गळा त्यांचा आहे.

आता आमची वही भरत आली आहे. कोणती वायर कुठं, कोणतं बटण आधी, दिवे गेले तर काय करायचं, सगळं मराठीत, चित्रं काढून. पहिलं पुस्तक दुसऱ्यांनी लिहिलं, ते आपल्या उपयोगी पडलं. हे दुसरं आपण लिहिलं आहे, ते पुढच्या गटाच्या उपयोगी पडावं. ज्या गटाला शिकायचं असेल, त्यांनी चौघी मिळून या. एकटीनं शिकलं, तर ती लग्न होऊन गेली की विद्या गेली. चौघींनी शिकलं, तर गावात राहते.

येताना वही-पेन आणा. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मागे राहू नका. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार!